स्थूल मुलांची यकृत तपासणी : रत्नागिरीतील एका सेवेचे परीक्षण

रत्नागिरी शहरातील एका खासगी बालरुग्णालयात दर शनिवारी सकाळी स्थूल मुलांसाठी यकृत तपासणीचे सत्र चालते. उंची-वजनाची मोजमापे, रक्ततपासणी, पोटाची सोनोग्राफी, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आणि आहारतज्ज्ञांची भेट हे सर्व एकाच शुल्कात मिळते. माझ्या अकरा वर्षांच्या मुलासाठी आम्ही ही सेवा घेतली, फेरतपासणीपर्यंत पूर्ण केली आणि आता तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. शिवाय अशी पॅकेजे आता किनारपट्टीवरच्या इतर गावांतही निघू लागली आहेत आणि त्यांतले काय घ्यावे, काय सोडावे हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. माझे मत आधीच सांगतो : या सेवेचे पैसे वसूल होतात ते मोजपट्टीपाशी आणि डॉक्टरांच्या खोलीत. सोनोग्राफीच्या खोलीबद्दल आणि औषधांच्या काउंटरबद्दल तसे म्हणता येत नाही.

मद्याच्या थेंबाशीही संबंध नसलेल्या मुलाच्या यकृतात चरबी साठते, हे अजूनही अनेकांना खरे वाटत नाही. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांत फॅटी लिव्हर आढळल्याचे दिसते आणि स्थूल मुलांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे जाते. यातले बरेच अभ्यास रुग्णालयात आलेल्या मुलांवरचे आहेत, त्यामुळे गावातल्या दर तीन मुलांमागे एक असा सरळ हिशेब मांडणे योग्य नव्हे; पण विषय दुर्लक्ष करण्याजोगा नाही एवढे त्यातून नक्की कळते. केंद्र सरकारनेही २०२१ साली हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. बहुतेक मुलांना काहीच लक्षणे नसतात. काहींच्या बाबतीत मात्र चरबीपाठोपाठ यकृताला सूज येते, मग त्यात तंतुमय व्रण तयार होऊ लागतात, आणि हे सारे पोटात एकदाही न दुखता चालू राहू शकते. लक्षणांची वाट न पाहता तपासणी करायची ती यासाठीच.

मोजमापांचे काम येथे ज्या काळजीने होते ते पाहून समाधान वाटले. परिचारिकेने मुलाला चपला काढून भिंतीवरच्या मापदंडाला टाचा, पाठ आणि डोके टेकवून उभे केले आणि उंची दोनदा घेतली. नंतर कंबरेचा घेर मोजला. आमच्याकडच्या शालेय तपासण्यांत हा घेर मोजलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५२ किलो, कंबर ८४ सेंटिमीटर. यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, निघाला २५.८. हा आकडा प्रौढांच्या तक्त्यावर ठेवला तर किरकोळ वाटतो, आणि नेमकी तीच चूक घरोघरी होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते दिले आहेत. त्यात वयानुसार चढत जाणाऱ्या दोन रेषा असून त्या प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळतात. पहिलीच्या वर अतिवजन आणि दुसरीच्या वर स्थूलता. भारतीय शरीरात चयापचयाच्या तक्रारी कमी वजनावरच सुरू होतात म्हणून या रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली ठेवलेल्या आहेत. डॉक्टरांनी छापील तक्त्यावर पेनाने टिंब काढले, ते दुसऱ्या रेषेच्या बरेच वर पडले, आणि ‘अंग जरा भरलेले आहे’ ही घरातली भाषा तिथेच संपली. कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावी हा दुसरा सोपा निकषही त्यांनी सांगितला. या हिशेबाने मुलाची कंबर ७१ सेंटिमीटरच्या आत हवी होती.

त्यानंतर डॉक्टरांनी मुलाला मान पुढे वाकवायला सांगितले. मानेच्या मागच्या बाजूला, शर्टाच्या कॉलरखाली, काळसर, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा होता, तसाच काखेतही. कोकणातल्या कितीतरी घरांत याला मळ समजून मुलांच्या माना बेसन-लिंबाने घासल्या जातात. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते आणि यकृतातल्या चरबीशी तिचे जवळचे नाते आहे. घासून ती जात नाही, उलट त्वचा सोलवटते. घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाला फॅटी लिव्हर सांगितले आहे, मुलगा झोपेत घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, कोणती औषधे चालू आहेत, हे सर्व त्यांनी विचारून लिहून घेतले. बाहेर रांग असतानाही घाई जाणवली नाही, ही गोष्ट मी या सेवेच्या बाजूने मोठ्या अक्षरांत लिहीन.

आता रक्ततपासणीचा मुद्दा. या सेवेचे खरे मूल्य येथेच ठरते. मुलाचे एसजीपीटी ४१ आले. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे हे एक विकर (एन्झाइम) आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे ‘४५ पर्यंत’ असे छापलेले होते आणि आकडा ठळकही केलेला नव्हता. हाच कागद घेऊन कोणी घरी गेले असते तर ‘नॉर्मल’ म्हणून तो फाइलमध्ये लागला असता. डॉक्टरांनी छापील ४५ वर काट मारून शेजारी २६ लिहिले. अमेरिकेतील निरोगी मुलांच्या रक्तचाचण्यांवरून २०१० साली एक अभ्यास झाला, त्यात या विकराची वरची मर्यादा मुलग्यांसाठी २५.८ आणि मुलींसाठी २२.१ अशी निघाली. त्याच अभ्यासात असेही दिसले की तिथल्या बालरुग्णालयांच्या प्रयोगशाळा सरासरीने ५३ च्या आसपासचा आकडा मर्यादा म्हणून छापत होत्या. म्हणजे ही गफलत रत्नागिरीपुरती नाही. उत्तर अमेरिकेतील बाल-यकृततज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा २६ आणि २२ हेच आकडे धरले. नऊ ते अकरा वर्षांच्या टप्प्यावर प्रत्येक स्थूल मुलाचे एसजीपीटी तपासावे. केवळ अतिवजन असलेल्या मुलांच्या बाबतीत पोटावरची चरबी, मधुमेहाची पूर्वावस्था, बिघडलेले कोलेस्टेरॉल, झोपेतील श्वासरोध किंवा घराण्यात हा आजार असल्यास तपासावे, असे त्या सूचना सांगतात. अमेरिकेच्या बालरोग अकादमीनेही २०२३ साली दहा वर्षांपुढच्या स्थूल मुलांसाठी हीच चाचणी सुचवली आहे.

४१ म्हणजे मर्यादेच्या वर, पण दुपटीच्या आत. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीहून अधिक, म्हणजे मुलग्यांत ५२ आणि मुलींत ४४ च्या पुढे, तीन महिन्यांहून जास्त काळ राहिले तर यकृताची सखोल तपासणी करायची आणि ८० च्या पुढे गेले तर अजिबात रेंगाळायचे नाही, अशी ही पायरी आहे. आमच्या बाबतीत जीवनशैलीत बदल आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, एवढेच ठरले. तपासणी पूर्ण स्वच्छ आली आणि वजनाची परिस्थिती तीच राहिली, तरी दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा करायची असते, हेही डॉक्टरांनी शेजारच्या पालकांना सांगितलेले ऐकले.

फेरतपासणीचा आग्रह कोकणात विशेष महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांची ये-जा असते आणि या सर्वांत एसजीपीटी चढते. साध्या विषाणूजन्य तापानंतरही ते काही काळ वर राहू शकते. काही औषधांनीही तसे होते. क्षयरोगाची आणि फिट्सची औषधे ही त्यातली नेहमीची उदाहरणे. भातलावणीच्या दिवसांत ताप येऊन गेलेल्या मुलाचे रक्त लगेच पंधरा दिवसांत काढून त्यावर फॅटी लिव्हरचा शिक्का मारणे चूक ठरेल. नोंदणी करताना गेल्या महिन्यातील तापाविषयी विचारणारा एखादा प्रश्न अर्जात हवा होता. डॉक्टरांनी तो तोंडी विचारला, पण त्या शनिवारी दुसरे डॉक्टर असते तर तो राहूनही गेला असता.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मूल स्थूल आहे म्हणून त्याच्या यकृताची प्रत्येक तक्रार चरबीमुळेच, असे गृहीत धरता येत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी यकृताची सूज आणि शरीरात तांबे साचवणारा विल्सनचा आजार हे स्थूल मुलालाही होऊ शकतात. विल्सनच्या आजारावर वेळेत उपचार मिळाले तर मूल चांगले आयुष्य जगते, म्हणून तो निसटू देणे फार महागात पडते. या चाचण्या पॅकेजमध्ये नाहीत आणि त्या नसणेच योग्य, कारण एसजीपीटी चढे राहिले तरच त्यांची गरज लागते. पुढची वेळ आली तर मुलाला मुंबई किंवा पुण्याच्या बाल-यकृततज्ज्ञांकडे पाठवतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सगळे इथेच करू, असा आव आणला नाही, हे आवडले.

सोनोग्राफीबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. अहवाल आला ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे सर्वांत सौम्य पायरी. यकृतात चरबीचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेल्याशिवाय ती सोनोग्राफीत भरवशाने दिसत नाही, ग्रेड हा पाहणाऱ्याच्या नजरेवर बराचसा अवलंबून असतो, आणि सूज किंवा व्रण आहेत की नाहीत हा जो खरा प्रश्न, त्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. अहवाल निर्दोष आला म्हणून निश्चिंत व्हावे असेही नाही. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या सूचनांनी याच कारणांसाठी सोनोग्राफीला प्राथमिक तपासणीत स्थान दिलेले नाही. न्यायाने सांगायचे तर तज्ज्ञांत यावर एकमत नाही. युरोपातील बालपचन-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली रक्ताबरोबर सोनोग्राफीही सुचवली होती, आणि ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना तर रक्तचाचणीवर विसंबू नका असे सांगून टाइप २ मधुमेह किंवा चयापचयाचे विकार असलेल्या मुलांसाठी सोनोग्राफीच पुढे करतात. तेव्हा ती करणे म्हणजे फसवणूक असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे : पॅकेजच्या शुल्कातला सर्वांत मोठा वाटा तिचा आहे, आमच्या मुलाच्या उपचाराची दिशा तिने किंचितही बदलली नाही, आणि ती नको असल्यास शुल्क कमी होते हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दुसरी तक्रार त्याच खोलीतली. तपासणी चालू असताना पडद्याकडे बघत तिथल्या कर्मचाऱ्याने ‘काय रे, लिव्हरभर चरबी! वडापाव बंद आता,’ असे मोठ्याने म्हटले. दार अर्धे उघडे होते आणि बाहेर त्याच्याच वयाची मुले बसली होती. मुलगा पोटावरची जेल पुसत गप्प बसला आणि नंतर आहारतज्ज्ञांसमोर बराच वेळ एका शब्दातच उत्तरे देत राहिला. स्थूल मुलांना शाळेत, लग्नकार्यात, बसच्या रांगेत असे बोल रोज ऐकावे लागतात. तपासणीच्या ठिकाणी तरी ते कानावर पडू नयेत. मी हे व्यवस्थापनाला लेखी कळवले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि फेरतपासणीच्या वेळी त्या खोलीचे दार बंद दिसले.

आहाराचा छापील कागद प्रथमदर्शनी निराश करणारा होता. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ग्रीक योगर्ट अशी यादी बहुधा कुठल्या तरी महानगरातून आयती आलेली असावी. आमच्या बाजारात गुरुवारी काय मिळते याचा तिला पत्ता नव्हता. पण आहारतज्ज्ञ बाईंनी तो कागद बाजूला सारला आणि सोबत आलेल्या माझ्या आईला विचारले, ‘आजी, सकाळी उठल्यापासून हा काय काय खातो ते तुम्ही सांगा.’ चहाबरोबर खारी-बटर, शाळेतून आल्यावर कोकम सरबत, संध्याकाळी बेकरीतले काहीतरी, शनिवार-रविवारी कोल्ड्रिंक, असा पाढा निघाला. बाईंनी सगळ्यांत आधी बोट ठेवले ते सरबताच्या बाटलीवर. घरच्या कोकमाचे म्हणून ते औषधी समजून दिले जाते, पण सिरपात वजनाने निम्म्याहून अधिक साखरच असते. साखरेतला फ्रुक्टोज मुख्यतः यकृतातच मोडला जातो आणि अति झाला की तिथेच त्याची चरबी बनते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांना आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ बंद केली, तेव्हा त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचे खाणाऱ्यांत ती जेमतेम हलली. कोकम सोडायचे नाही, आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) पाण्यात घालून मीठ-जिरे टाकून द्यायचे, हा बाईंचा तोडगा आईला लगेच पटला.

बाकी सूचनाही अशाच घरच्या होत्या. आंबा बंद नाही. साखर घातलेला आमरस आणि डबाबंद पल्प बंद, फोडी जेवणाबरोबर मोजून. बांगडा तळण्याऐवजी तिरफळे घालून तिखले. भाताची मूद एक, कुळथाची पिठी आणि भाजी जास्त. आंबापोळी आणि खाजे सणावारी. मुलाने उपाशी राहायचे नाही आणि वजन झपाट्याने उतरवायचेही नाही. या वयात उंची वाढत असते, तेव्हा वजन आहे तिथे थांबले तरी पुष्कळ साधते. रोज तासभर दम लागेल असे खेळायचे आणि करमणुकीसाठीचा स्क्रीनचा वेळ दोन तासांच्या आत. पावसाळ्याचे चार महिने भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत धावता येत नाही, त्या काळात काय, यावर बाईंनी दोरीच्या उड्या आणि जिने एवढेच सांगितले. त्या जागी थोडा अधिक विचार व्हायला हवा होता, कारण कोकणातल्या मुलाचे वर्ष पावसाने कापलेले असते.

औषधांच्या काउंटरविषयी दोन वाक्ये पुरेत. डॉक्टरांनी औषध लिहिले नव्हते, तरी तिथल्या विक्रेत्याने ‘लिव्हरचा आहे ना, मग हे द्या’ म्हणून टॉनिकची बाटली पुढे केली. मुलांच्या फॅटी लिव्हरसाठी कोणत्याही औषधाची शिफारस २०१७ च्या त्या सूचनांत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १७३ मुलांवर ९६ आठवडे चाललेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही औषधे एसजीपीटी टिकाऊपणे उतरवण्यात खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ज्या रुग्णालयाच्या आतल्या खोलीत इतका संयम आहे, त्याच्याच दारात अशी विक्री चालावी हे खटकते.

तीन महिने पूर्ण होण्याच्या सुमारास रुग्णालयातून आठवणीचा फोन आला, आणि फेरतपासणीत केवळ मोजमापे व एसजीपीटी होते, शुल्कही तेवढ्यापुरतेच. वजन तेवढेच, उंची दीड सेंटिमीटरने वाढलेली, कंबर ८१, एसजीपीटी ३४. अजूनही २६ च्या वरच. डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण आकडा सुधारला म्हणून फाइल बंद केली नाही. पुढची तारीख लिहून दिली.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. नोंदणी फोनवर होते, पण दिलेली वेळ पाळली जात नाही. निदान तासभर जास्त धरावा. एसजीपीटीसाठी उपाशी राहावे लागत नाही, मात्र पॅकेजमध्ये उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल असल्याने मुलाला न खाता न्यावे लागते, सोनोग्राफीही रिकाम्या पोटीच होते. राजापूर-लांज्याहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांनी रक्त आणि सोनोग्राफी आधी उरकून मिळावी असे नोंदणीच्या वेळीच सांगावे आणि डबा सोबत ठेवावा, कारण आवारातल्या उपाहारगृहात समोसा आणि क्रीमरोल याखेरीज काही मिळत नाही. फक्त मोजमापे, रक्त, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ एवढेच हवे असल्यास तसे काउंटरवर स्पष्ट मागावे. ते मिळते, आणि पॅकेजच्या जवळपास निम्म्या पैशांत मिळते.